देवीचे चौदा किलो

आमच्या सासूबाईंनी नवस बोलताना घरातलं सगळ्यात जड माणूस निवडलं. याला कोणी श्रद्धा म्हणेल, कोणी हिशेब म्हणेल. मी दोन्ही म्हणते.

माझा धाकटा दीर निकेश उरणच्या रस्त्यावर ट्रेलरखाली जाता जाता राहिला आणि पनवेलच्या हॉस्पिटलात बेशुद्ध पडून होता. सातव्या दिवशी सकाळी आयसीयूबाहेरच्या बाकावर सासूबाईंनी पदर पसरला आणि आमच्या सुकापूरच्या गावदेवीला म्हणाल्या, "आई, माजा पोर घरी येव दे, तुला गुलाचा भार तोलीन." एवढं बोलून त्या थांबल्या, कारण पारड्यात बसवून गुळाच्या भारोभार तोलायचं कोणाला हे ठरायचं होतं. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. निकेश पहिल्यापासून काटकुळा. माझा नवरा हरेश मध्यम. मी एक्कावन्न किलो. मग त्यांची नजर कोपऱ्यात डोळे पुसत बसलेल्या रंजितावर गेली आणि तिथंच राहिली. रंजिता म्हणजे निकेशची बायको, माझी धाकटी जाऊ. त्याच सकाळी नवऱ्यासाठी रक्त द्यायला गेली तेव्हा नर्सनं तिला काट्यावर उभं केलं होतं आणि आकडा सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असा वाचला होता.

"माज्या सुनंला तोलीन," सासूबाई म्हणाल्या. "बयानव किलो."

समोरच्या बाकावरचा एक माणूस स्वतःचा पेशंट विसरून हसला. रंजितानं मान खाली घातली आणि हात जोडले. निकेश चार दिवसांनी शुद्धीवर आला. देवीला आकडा पसंत पडला असावा.

नवस फेडायचा जत्रेत, आणि जत्रा चैत्रात. तोपर्यंत चांगले पाच महिने होते आणि या पाच महिन्यांत काय होणार ते मला दिसत होतं. आमची जमीन गेली, तिच्यावर बिल्डिंग उभी राहिली, आम्ही पहिल्या मजल्यावर राहायला आलो, पण माणसं गावाचीच राहिली. रंजिता दूध आणायला खाली उतरली की कोणीतरी विचारायचंच, गुळाची गाडी सांगून ठेवली का गं? पाय प्लास्टरमध्ये घालून पलंगावर पडलेला निकेशही मागे नव्हता. "आये, देवलाचा तराजू मोडला त भरपाई आपल्यालाच द्यावी लागंल," म्हणायचा, आणि त्याच्या तोंडात घास भरवत रंजिता सगळ्यांच्या आधी हसायची. जाड माणसांना ही एक विद्या येते. दुसऱ्यानं हसायच्या आत आपण हसून घ्यायचं.

एका दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना ती माझ्याजवळ आली. "ताई, मना जत्रंपतूर बारीक व्हवाचा हाय."

"का गं? आहेस ती बरी आहेस," मी म्हणाले. असं म्हणायचं असतं.

"अख्खा गाव बगाला येल. मी पारड्यात बसलेली आनि सगली हसतान." हातातली चादर ती पिळतच राहिली. पाणी कधीच निघून गेलं होतं. "एकदाच. एकदा मना कुनी हसला नाय पायजे. मग काय पन होवंदे."

माझ्याकडेच आली, त्याला कारण होतं. लग्नाआधी मी नवीन पनवेलला एका डाएटिशियन बाईंकडे दोन वर्षं रिसेप्शनला होते. फोन उचलायचे, फाइली लावायचे, बाई पेशंटला काय सांगतात ते दार अर्धं उघडं ठेवून ऐकायचे. त्यामुळे घरात मी अर्धी डॉक्टर. शिवाय घरातली बारीक मीच. या घरात लग्न करून आले तेव्हा आल्यागेल्या बाया माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणायच्या, हिच्यात हाडांशिवाय काय आणलंय? बारीक असण्याचं काही मोल आहे हे या घराला कळायला माझी सात वर्षं गेली. आता कुठं लोक टीव्ही बघून शहाणे झाले होते आणि जावांमध्ये देखणी कोण, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं.

मी तिला तक्ता लिहून दिला. खोटं कशाला बोलू, तक्ता चांगला होता. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुधाची साय काढलेली. दुपारी अर्धी तांदळाची भाकरी, वाटीभर डाळ, मोठी वाटी उकडलेली भाजी, काकडी. ताक पातळ, लोणी काढलेलं. मासे चालतील, पण तळायचे नाहीत आणि खोबऱ्याच्या वाटणात घालायचे नाहीत. हळद-मीठ लावून वाफवायचे. सरबताऐवजी लिंबूपाणी, तेही साखरेविना. यातलं बरंचसं बाईंचं होतं. काही नियम माझे होते. सगळ्यांची पानं उठल्याशिवाय तिनं जेवायला बसायचं नाही, हा माझा. पेजेचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हाही माझा. कुठला नियम कोणाचा हे तिनं कधी विचारलं नाही.

तिला मी मार्टमध्येही घेऊन गेले. तिनं तोवर पाकिटं फक्त पुढून पाहिली होती. फळांचं चित्र, धावणारी बाई, हिरवं पान. मी पाकीट उलटं करायला शिकवलं. "पुढं लिहितात ते आपल्यासाठी. मागं बारीक अक्षरात लिहितात ते खरं." लो फॅट लिहिलेलं दही, त्यात साखर किती? पाचक म्हणून विकतात ती बिस्किटं, त्यांत तूप किती, आणि हा आकडा अख्ख्या पुड्याचा की शंभर ग्रॅमचा? रंजिता माहेरी मोऱ्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी जेमतेम. पण महिन्याभरात ती त्या रांगेत उभी राहून पाकिटामागून पाकीट उलटं करायची आणि मला सांगायची, "ताई, हा नको, ह्याच्यात शंभरला सतरा फॅट हाय. त्यो घ्या, चार वाला." मला त्याचा थोडा रागच आला. माझ्याकडे एवढीच एक गोष्ट होती, तीही ती शिकली.

आता खरा छळ कशात होता ते सांगते. आमच्या घरात स्वयंपाक रंजिताच करायची, कारण तिच्यासारखा कोणालाच येत नव्हता. तिच्या हातचं कोलंबीचं कालवण खायला हरेशचे मित्र खारघरहून यायचे. ते सगळं चालूच होतं. एका शेगडीवर सगळ्यांसाठी सुरमई तळायची आणि दुसऱ्या शेगडीवर स्वतःसाठी दुधी उकडायचा. रविवारी मटण शिजलं की मी मुद्दाम जाऊन उभी राहायचे. "रंजिता, मीठ बघ गं." ती थेंबभर रस्सा तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची, मान हलवायची आणि लगेच चूळ भरायची. "वाटीभर रश्श्यात तेल किती?" मी विचारायचे. "तीन चमचं." "म्हणजे किती कॅलरी?" ती शाळेतल्या पोरीसारखी आकडा सांगायची. पानावरची मंडळी हसायची. मीही हसायचे. असं सगळ्यांदेखत विचारायची काही गरज नव्हती.

दर सोमवारी सकाळी मी तिला काट्यावर उभी करायचे. काटा माझ्या खोलीत, माझ्या कपाटाखाली. ब्याण्णव, नव्वद, साडेअठ्ठ्याऐंशी. एका आठवड्यात उतरलं नाही तर मी काही न बोलता काटा आत सरकवायचे. मग पुढचे सात दिवस ती अर्ध्याची पाव भाकरी करायची. असं करू नकोस, बाई कधीही असं सांगत नसत, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही.

होळीपर्यंत ती ऐंशीवर आली. आणि मग जे व्हायचं ते झालं. तिचा चेहरा निघाला. इतकी वर्षं तो गालांमध्ये बुडालेला होता, तो वर आला, आणि चांगला निघाला. नाक सरळ, डोळे मोठे. खाली दूध आणायला गेली की बाया गुळाचं विचारीनाशा झाल्या. काय खातेस गं, म्हणून विचारायला लागल्या. ती मला पुढं करायची. "ताईंनी केला सगला. माजा काय नाय." तिचं हे बोलणं खरं होतं आणि मला ते सहन होत नव्हतं.

हरेश एकदा जेवता जेवता म्हणाला, "रंजिता वलखू येत नाय आता. नाय काय गो?" मी पाणी वाढत होते. नवरा बायकोला विचारतो तसंच विचारलं त्यानं, त्याच्या मनात काही नव्हतं. पण सात वर्षांत माझ्याबद्दल असं एक वाक्य त्याच्या तोंडून जेवताना पडलं नव्हतं.

जत्रेच्या आदल्या सकाळी रंजिता माझ्या खोलीत आली. तिच्याजवळ हिरवी पैठणी होती, पण ब्लाउज सगळे मोठे झाले होते आणि शिंप्याकडे जायला वेळ उरला नव्हता. "ताई, तुमचा त्यो जरीचा ब्लाउज घालून बगू? नाय बसला त ऱ्हाऊंदे."

तो लग्नात सासरच्यांनी माप न घेता शिवून आणला होता, मला कायम ढगळ, आणि आत कापडही भरपूर सोडलेलं. तिनं माझ्यासमोरच दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, टाके घातले आणि अंगात घातला. बसला. नुसता बसला नाही, माझ्या अंगावर तो जिथं लोंबतो तिथं तिच्या अंगावर भरला. ती आरशासमोर उभी राहिली. मी तिच्या मागे उभी होते. आरशात आम्ही दोघी दिसत होतो आणि कोण चांगली दिसते हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. तिनं लगेच नजर खाली घेतली. मला त्याचाच जास्त राग आला. माझी कीव करायला ती कोण?

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई नारळ सोलत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि शेंडी ओढता ओढता सहज म्हणाले, "आई, तुम्ही नवस बोललात तेव्हा आकडा बोलला होतात ना?"

"बोल्लू ना. बयानव."

"आणि आता ती अठ्ठ्याहत्तर आहे."

सासूबाईंचे हात थांबले.

"मी आपलं विचारलं," मी म्हणाले. "देवीचे चौदा किलो कुठं गेले, एवढंच मनात आलं."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना निकेश पुन्हा त्या पांढऱ्या पलंगावर दिसला असेल, नळ्या लावलेला. देवीला शब्द दिला ब्याण्णवचा, पोरगा परत घेतला अख्खा, आणि आता सूनबाई पाच महिने काकड्या खाऊन भार चोरतात, हे त्यांना पटायला एक मिनिटही लागलं नाही. मी फक्त विचारलं होतं.

चैत्राचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. देवळासमोरच्या मांडवात लोखंडी आडव्याला तराजू टांगला होता, पूर्वी मिठागरात गोणी तोलायचे तसला, साखळ्यांचा, दोन्हीकडे फळ्यांची पारडी. पनवेलच्या बाजारातून गूळ आधीच आणून ठेवलेला, दहा-दहा किलोंच्या नऊ ढेपी आणि वर सुट्टा दोन किलो. ढोल वाजत होते. गावातली झाडून सगळी माणसं होती आणि मोऱ्याहून रंजिताची आई सुमती आली होती. तिनं लेकीला आधी ओळखलंच नाही आणि मग ती तोंडाला पदर लावून रडली.

रंजिता पारड्यात बसली. हिरवी पैठणी, कपाळाला मळवट, मांडी घालून, दोन्ही हातांनी साखळ्या धरून. समोर देवळाचा भगत तुळशीराम एकेक ढेप ठेवत गेला. सात झाल्या, काही हललं नाही. आठवी ठेवली आणि रंजिताचं पारडं जमिनीवरून उचललं. नववी ठेवली, वर सुट्टा गूळ ठेवला, तशी ती चांगली कमरेइतकी वर गेली. मांडवात एकदम शिट्ट्या झाल्या. कोणी हसलं नाही. मी पाहिलं, खरंच कोणी हसलं नाही. तुळशीरामनं सुट्टा गूळ काढून घेतला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक ढेप उचलली, पुन्हा टाळ्या. प्रत्येक वेळी गूळ कमी व्हायचा आणि लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवायचे. ती अधांतरी बसून सगळ्यांकडे पाहत होती. एवढंच तिला हवं होतं. ते तिला मिनिटभर मिळालं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "गूल काडू नको."

ढोल एक-एक करून बंद पडले. सासूबाईंनी पुढं येऊन सांगितलं, शब्द ब्याण्णवचा आहे, माझा पोर त्या शब्दावर उभा आहे, देवीला कमी घालून मी त्याला पुन्हा गमावणार नाही. "आमची हेतल बोल्ली म्हनून बरा जाला," त्या म्हणाल्या, "नाय त माज्या डोक्यातच आला नसता." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रंजितानंही.

तुळशीरामनं डोकं खाजवलं. असला पेच त्याच्यापुढं कधी आला नसावा. "शब्द बयानवचा," तो म्हणाला. "मंग भार तिच्या आंगावरच पुरा कराचा. आता कवरी हाय ती?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "अठ्ठ्याहत्तर," मी म्हणाले. माझा आवाज मांडवात सगळीकडे गेला. "चौदा कमी आहेत."

कोणीतरी म्हणालं पाटा आणा. निकेश उठला आणि घरी गेला. पाय लंगडत होता, तरी पाटा स्वतः उचलून आणला. आईचा शब्द आणि स्वतःचा जीव, दोन्हीची त्याला काळजी. पारड्याजवळ येऊन तो बायकोला हळूच म्हणाला, "दोन मिंटाचा काम हाय गो. बस गपचूप."

तिनं हात पुढं केले आणि पाटा त्याच्याकडून स्वतःच मांडीवर घेतला. तो जिवंत राहायला हवा होता, तिलाही. तुळशीरामनं काढलेला गूळ तोवर परत ठेवला होता. पारडं थोडं खाली आलं, पण जुळेना. मग वरवंटा आणला, तो तिच्या पदरात ठेवला. अजून थोडं कमी. आता माणसांना मजा यायला लागली होती. एकानं नारळ आणले, दुसऱ्यानं मिठाचे दोन पुडे. "आजून ठेवा," मागून कोणी ओरडलं, "जुनी रंजिता आजून आली नाय," आणि सगळा मांडव हसला. बाया हसल्या, पुरुष हसले, पलीकडच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांतून हसले. त्यांनी पाच महिने साठवून ठेवलेलं हसू एकदम बाहेर काढलं. सुमतीबाई उठून मांडवाबाहेर गेली. पैठणीवर मसाल्याचा पिवळा डाग पडला होता, माझ्या ब्लाउजच्या बाहीलाही. रंजिता या वेळी आधी हसली नाही. ती विद्या तिनं या पाच महिन्यांत सोडून दिली होती.

काटा मध्यावर येईना. तुळशीराम मला म्हणाला, वहिनी, जरा साखळी स्थिर धरा. मी पुढं गेले आणि तिच्या बाजूची साखळी धरली. तिचं तोंड माझ्या खांद्याशी आलं. मला वाटलं आता ही शिव्या देईल, थुंकेल. मी तयार होते. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"ताई," ती म्हणाली. तिचा आवाज मार्टमध्ये पाकीट दाखवताना असायचा तसाच होता. "तुमी आदी सांगला असता त मी खाल्ला असता."

मी साखळी धरून उभी राहिले. तिनं खरंच खाल्लं असतं. मी एकदा म्हणाले असते, रंजिता, आकडा बोलून ठेवलाय, तर तिनं त्याच संध्याकाळी तक्ता फाडला असता, पोटभर जेवली असती, लोक हसतील ते हसू अंगावर घेऊन ब्याण्णव किलोंनी पारड्यात बसली असती, निकेशसाठी. आणि देवीला आकडा कमी पडेल हे मला कालच सुचलं असंही नाही. दुसऱ्याच सोमवारी ती माझ्या काट्यावरून उतरली, दोन किलो कमी झाले म्हणून माझ्या गळ्यात पडली, तेव्हाच मला सुचलं होतं.